शिकाऊ कोण, कामगार कोण?



समीक्षा म्हटलं की आपल्याला नाटक आठवतं, कादंबरी आठवते. साहजिक आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हापासून आपल्याकडे खेळ बघून घरी जाताना त्याची चिकित्सा करायची सवय आहे. आज मात्र मी एका कायद्याची समीक्षा करणार आहे. कायदा हीसुद्धा संहिताच असते, आणि तिच्यातल्या एकेका शब्दावर पोरांची उमेदीची वर्षं अवलंबून असतात. कायद्याचं नाव आहे शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१.

तो मी एका विशिष्ट धंद्याच्या बाजूने वाचणार आहे. धंदा कुठला? तर आत्ता माझा आवाज मागच्या खुर्चीपर्यंत पोचवणाऱ्या माणसाचा. आपण त्याला साउंडवाला म्हणतो आणि विसरतो. पण या धंद्यातली माणसं शाळेत स्पीकर बसवतात, दवाखान्यात कॅमेरे लावतात, कारखान्यात आग लागली तर वाजणाऱ्या घंटेची वायर ओढतात, ऑफिसातलं इंटरकॉम आणि नेटचं जाळं तेच जोडतात. कुपवाडच्या एमआयडीसीत हे काम रोजचं आहे. प्रश्न साधा आहे: हे काम त्यांना शिकवलं कुणी? आणि शिकून झालं, हे ठरवलं कुणी?

आता एक उदाहरण घेऊ. स्पीकरमधून बारीक गूंऽऽ असा आवाज येतो, ज्याला हमिंग म्हणतात. बऱ्याचदा त्याचं कारण असं असतं की मिक्सर एका प्लगवर असतो, अँप्लिफायर दुसऱ्या टोकाच्या प्लगवर, आणि दोन्हीकडच्या अर्थमध्ये थोडा फरक असतो. मग सिग्नलच्या वायरीतून नको तो प्रवाह फिरतो आणि विजेची पन्नास हर्ट्झची लय कानाला ऐकू येते. याचा नीट उपाय म्हणजे सगळी यंत्रं एकाच जागेहून वीज घेतील असं करणं, किंवा मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालणं. झटपट उपाय म्हणजे प्लगची अर्थची पिन काढून टाकणं. हमिंग थांबतं, पुढारी भाषण सुरू करतात, सगळे खूश. पण उद्या अँप्लिफायरच्या पेटीत वीज उतरली तर तिला जायला वाट नाही. ती माइक धरणाऱ्याच्या हातातून जाईल. आम्ही तत्त्वज्ञानवाले जन्मभर अर्थ शोधतो. इथे अर्थ तोडला तर जीव जातो.

गंमत अशी की दोन्ही उपायांनी आवाज सारखाच स्वच्छ येतो. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, पैसे देणाऱ्याला तर नाहीच. तो फरक फक्त त्या कामातल्या जाणत्याला कळतो. गिल्बर्ट राइल नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ साली माहिती असणं आणि करता येणं यांतला फरक मांडला. त्याच्या कितीतरी आधी ॲरिस्टॉटलने सांगून ठेवलंय की माणूस वीणा वाजवूनच वादक होतो. पण त्याने पुढे हेही म्हटलंय, आणि ते आपण विसरतो, की वाजवूनच माणूस वाईट वादकही होतो. म्हणजे नुसता सराव पुरेसा नाही. अर्थची पिन काढणाऱ्या उस्तादाच्या हाताखाली पाच वर्षं काढलेला पोरगा पिन काढण्यातच तरबेज होणार.

आता कायद्याकडे येऊ. त्यात चांगलं पुष्कळ आहे. लेखी करार आहे, विद्यावेतन आहे. २०१९ च्या नियमांनी ते शिक्षणानुसार महिना किमान ५,००० ते ९,००० रुपये ठेवलं. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. माझे आक्षेप तीन आहेत.

पहिला, कलम १८. ते म्हणतं, शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगारविषयक कायदे त्याला लागू नाहीत. पण हाच कायदा कारखाना कायद्यातली सुरक्षेची प्रकरणं त्याला लावतो, अपघात झाला तर भरपाईही देतो. म्हणजे काय झालं? हात भाजला तर तो कामगारासारखा, आणि मजुरी मागितली तर विद्यार्थी. शिडीवर चढून वायर ओढणारा पोरगा एकाच वेळी शिकतोय आणि काम करतोय. 'हे किंवा ते' असा सवालच इथे चुकीचा आहे.

दुसरा आक्षेप, कलम २४. केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेत कोण बसणार, त्याची यादी त्यात आहे. मालकांचे प्रतिनिधी आहेत. केंद्र आणि राज्य सरकारांचे आहेत. उद्योग, श्रम, तंत्रशिक्षण यांचे जाणकार आहेत. कामगार संघटनांचा प्रतिनिधी, असा उल्लेख नाही. पिन काढलेली ज्याला ओळखू येते, त्यालाच हक्काची खुर्ची नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. सक्ती तीस माणसांपासून. आपला साउंडवाला, कॅमेरेवाला दुकानात चार-पाच माणसं घेऊन बसतो. त्याला हा कायदा फार तर ऐच्छिक. म्हणजे ज्या धंद्याबद्दल मी बोलतोय, त्यातली बरीच पोरं कायद्याच्या उंबऱ्याबाहेरच शिकतात.

याला तोड आहे का? अमेरिकेत विद्युत कामगारांची १८९१ साली स्थापन झालेली जुनी संघटना आहे, आयबीईडब्ल्यू. ती आणि विद्युत ठेकेदारांची संघटना मिळून १९४० च्या दशकापासून संयुक्त प्रशिक्षण समित्या चालवतात. ध्वनी आणि संदेशवहनाचा त्यात वेगळा अभ्यासक्रम आहे, साधारण तीन वर्षांचा. दिवसा पगारी काम, जोडीला वर्ग, आणि जसजसे टप्पे पार होतील तसतशी मजुरी वाढते. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तिथला उमेदवार एका ठेकेदाराचा नसतो, समितीचा असतो. एकाकडचं काम संपलं की समिती त्याला दुसरीकडे पाठवते. छोट्या दुकानाचा प्रश्न तिथे असा सुटतो. आणि 'शिकला' हा शब्द एकटा मालक उच्चारत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, संघटनेच्या हाती दरवाजा दिला की ती तो बंद करते. बरोबर आहे. अमेरिकेत बांधकाम धंद्यातल्या कित्येक संघटनांनी काळ्या कामगारांना बाहेर ठेवलं होतं; त्यासाठीच १९६९ साली सरकारला फिलाडेल्फिया योजना आणावी लागली. आपल्या मुंबईच्या चित्रपटधंद्यात संघटनेच्या सभासदांनाच काम द्यायचं, या प्रकाराला स्पर्धा आयोगाने २०१७ साली स्पर्धाविरोधी ठरवलं. आणि दूर कशाला, जातवार धंद्यांचा आपला इतिहास काय सांगतो? उत्तम कसब आणि बंद दार, दोन्ही एकाच घरात नांदली. शेजारच्या मिरजेत सतारमेकरांनी पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे घडवले. ती कला मोठीच आहे, पण ती मुख्यतः घराण्यातून चालत आली.

कुणी प्रभातच्या विष्णुपंत दामल्यांचं नाव घेईल. कोल्हापूरचा हा कलावंत पडदे रंगवण्यापासून पुढे येऊन बोलपटाचं ध्वनिमुद्रण सांभाळू लागला, कुठल्या शाळेत न जाता. खरं आहे. पण दामल्यांच्या हाताशी स्वतःच्या कंपनीचं यंत्र होतं आणि चुका पचवायची ऐपत होती. साउंडवाल्याकडच्या पोराने मिक्सर जाळला तर त्याच्या पगारातून कापतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. संघटनेला शिकवण्याचा वाटा द्या, मक्तेदारी देऊ नका. आपल्या जिल्ह्यात आयटीआय आहे, तिथे इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकसारखा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. दुकानदार, कारागीर आणि आयटीआयचे निदेशक यांनी एक समिती करावी. उमेदवार समितीचा असावा. प्रवेश जाहीर असावा, कुणाचा पुतण्या आहे हे विचारू नये. परीक्षा घेणारा त्या पोराचा मालक नसावा. आणि परीक्षेत एक प्रश्न नक्की असावा: हमिंग येतंय, पुढारी घाई करतायत, तू काय करशील?

या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला ज्ञान लागतं, पण त्याहून जास्त लागतं ते 'थांबा' म्हणायचं बळ. एकट्या शिकाऊ पोराला ते कुठून येणार? त्याच्या मागे चार जाणती माणसं उभी असली तरच येतं. संघटना असते ती त्यासाठी. मजुरीच्या मागणीइतकंच हेही तिचं काम आहे, आणि आपल्याकडच्या संघटनांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही, हा माझा त्यांच्यावरचाही आक्षेप समजा.

इथे थांबतो. प्रश्न असतील ते जरूर विचारा.