प्रसंग आणि वर्ष : कथेच्या मुलखात कादंबरी लिहिताना

(धाराशिव येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

 

मला विषय दिलाय, 'माझे लेखन आणि माझे आवडते लेखक'. आता अडचण अशी, की माझं एकही पुस्तक आलेलं नाही. कादंबरी लिहितोय, पुरी व्हायची आहे. म्हणजे विषयाच्या पहिल्या अर्ध्यावर बोलण्यासारखं फार नाही. (हशा) दुसऱ्या अर्ध्यावर मात्र बोलायचंय, आणि थोडं भांडायचंय.

भांडण एका सवयीशी आहे. आपल्याकडं लिहिणाऱ्या पोराला लोक विचारतात, "कथा झाल्या, आता कादंबरी कधी?" जणू कथा म्हणजे बालवाडी आणि कादंबरी म्हणजे कॉलेज. ह्या सवयीला मोठा आधारही मिळालेला आहे. भालचंद्र नेमाडे यांनी कथा ह्या प्रकाराला कायम दुय्यम मानलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. नेमाडे माझे अतिशय आवडते लेखक. पण ज्या जिल्ह्यात मी राहतो, तिथं हे मत जसंच्या तसं पचत नाही. कारण ह्या जिल्ह्याचा सगळ्यात थोर गद्यलेखक कोण, असं विचारलं तर मी भास्कर चंदनशिव हे नाव घेईन. कळंब तालुक्यातलं हासेगाव हे त्यांचं गाव. 'जांभळढव्ह', 'मरणकळा', 'अंगारमाती' हे त्यांचे संग्रह, आणि हे सगळं कथेतलं काम आहे.

त्यांची 'लाल चिखल' तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचली असेल. टमाट्याचा भाव मातीमोल होतो आणि बाप स्वतः पिकवलेला माल भर बाजारात पायाखाली तुडवतो. शिकणारं पोरगं ते बघतं. संपली कथा. मी ती वाचून बाजूला ठेवली की दर वेळी मनात येतं, पुढं काय झालं असेल? ती दोघं घरी कशी गेली? वाटेत काही बोलली का? दुसऱ्या दिवशी पोरगं शाळेत गेलं का? उसनवारी कशी फिटली? चंदनशिव हे काहीच सांगत नाहीत. सांगितलं असतं तर कथा मेली असती. तो लाल रंग डोळ्यांत राहिला नसता.

आता शेजारी 'बारोमास' ठेवा. सदानंद देशमुखांची, बुलढाण्याकडच्या मुलखातली. २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. एकनाथ शिकलेला आहे, एम.ए., बी.एड. पण नोकरीला द्यायला पैसे नाहीत, म्हणून शेतीत अडकलेला. नाव बघा कसं आहे, बारोमास. बारा महिने. म्हणजे 'लाल चिखल' जिथं थांबते, तिथून पुढचं सगळं ह्या कादंबरीला लिहावं लागतं. आणि मला तिच्यात सगळ्यात खरं काय वाटतं? बियाणं, कर्ज, पाऊस हे आहेच. पण नवरा-बायकोमध्ये जे साचत जातं, ते जास्त खरं वाटतं. अलका शिकलेली बायको आहे, तिनं वेगळ्या संसाराची कल्पना केलेली होती. एका दिवसाच्या भांडणानं तो संसार उसवत नाही. रोज थोडा थोडा उसवतो. हे कथेत येणार नाही, त्याला दिवस लागतात. उलट, जिथं ही कादंबरी शेतकऱ्याचा प्रत्येक प्रश्न एकेक करून आत आणते, तिथं ती मला थोडी सैल वाटते. प्रश्न सगळे आले म्हणजे वर्ष आलं असं नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. कथा प्रसंगाची असते आणि कादंबरी वर्षाची. लहान-मोठी असं काही नाही. ज्याच्या हातात प्रसंग आहे त्यानं कथा लिहावी आणि शांत झोपावं. (हशा) प्रसंग ओढून-ताणून तीनशे पानांचा केला की तो विटतो.

हे मी उगाच सांगत नाही, माझ्या कामाशी त्याचा संबंध आहे. मी लिहितोय ते भूकंपानंतरच्या गावावर. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाट व्हायची होती. किल्लारीचं नाव झालं, पण आपल्या जिल्ह्यात सास्तूर आणि लोहारा-उमरगा भागातली गावंही झोपेतच गेली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरंच अंगावर आली. आता लिहिणाऱ्यापुढचा मोह बघा. एवढा मोठा प्रसंग हातात आहे, त्यापासूनच सुरू करावं, त्यावरच संपवावं. पण तो प्रसंग इतका मोठा आहे की बाकी सगळं गिळून टाकतो. माणसं फक्त 'वाचलेले' आणि 'गेलेले' एवढीच उरतात. कोण कंजूष होतं, कोण गाणं म्हणायचं, कुणाचं कुणाशी बांधावरून वाकडं होतं, सगळं पुसलं जातं.

कादंबरी मला दिसते ती त्याच्या पुढं. नवं गाव वसलं. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, एकसारखी घरं. जुन्या गावात गल्ली वळायची, तिथं पार होता, तिथं माणूस थांबायचा. सरळ रस्त्यावर माणूस कुठं थांबणार? जुन्या भावकीच्या शेजारी नव्या गावात कोण राहायला आलं? मदतीच्या पैशानं कुणाचं घर जोडलं आणि कुणाचं मोडलं? ही कामं वर्षांची आहेत. एका पहाटेत ती मावत नाहीत.

आता भाषेचं. कोणत्या भाषेत लिहायचं, हा आपल्या भागातल्या प्रत्येक लिहिणाऱ्याचा प्रश्न आहे. मी माझ्यापुरते तीन रस्ते ओळखतो.

पहिला 'बनगरवाडी'चा, १९५५. व्यंकटेश माडगूळकरांनी सांगणारा माणूस बाहेरून आलेला मास्तर ठेवला. त्यामुळं निवेदन साध्या लेखी मराठीत आणि माणसं बोलतात माणदेशीत. हे नुसतं सोयीचं नाही, प्रामाणिकही आहे. मास्तर गावाला शिकता शिकता कळत जातो, आणि आपणही त्याच्याबरोबर.

दुसरा उद्धव शेळक्यांच्या 'धग'चा, १९६०. इथं मास्तर नाही. निवेदन प्रमाण मराठीत, पण संवाद असे अस्सल वऱ्हाडी की कौतिक बोलली की निवेदन मागं सरतं. नवरा आजारी, घर खचतंय आणि ही बाई हटत नाही. तिच्याबद्दल कळवळा यावा म्हणून लेखक एकही विशेषण जास्तीचं खर्च करत नाही. मला वाटतं, मराठी वास्तववादाची ही सर्वांत उंच जागा आहे, आणि तिची चर्चा व्हावी तेवढी होत नाही.

तिसरा आनंद यादवांच्या 'गोतावळा'चा, १९७१. सगळं निवेदनच शेतगड्याच्या बोलीत. जनावरं, झाडं हाच त्याचा गोतावळा, आणि ट्रॅक्टर आल्यावर तो तुटत जातो. इथं बोली नुसता रंग म्हणून नाही. ती भाषा काढली तर ते जगच उरणार नाही.

आपल्याकडं ह्यातला कोणता रस्ता चालेल? आपली बोली ऐका. "काय करूलालास?" हे पुण्यात म्हणून बघा. (हशा) उमरग्याकडं गेलात तर कानडी कानावर पडते, मोहल्ल्यात दखनी. हा भाग १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्या कारभाराची उर्दू आपल्या कागदांत मुरलेली आहे. जमिनीचं भांडण निघालं की म्हातारा माणूस अजून खासरा मागतो. तेव्हा 'आपली बोली' म्हणजे एक बोली नाहीच, एकाच माणसाच्या तोंडात तीन-चार आहेत. तो घरात एक बोलतो, तहसीलमध्ये दुसरी, बाजारात तिसरी. कुठं कोणती बोलतो त्यावरून तो कुणाला भितो ते कळतं. कादंबरीनं हे पकडलं पाहिजे. नुसतं 'लय' आणि 'व्हय' पेरून भागत नाही.

आणि शेवटी 'कोसला'. १९६३. नेमाडे तेव्हा पंचविशीत होते आणि ती काही दिवसांतच लिहून झाली, असं सांगितलं जातं. ह्या गोष्टीनं नव्या लेखकांचं फार नुकसान केलंय. सगळ्यांना वाटतं, पंधरा दिवस रजा काढली की झालं. (हशा) आणि मग तो पांडुरंग सांगवीकरचा तिरकस सूर उचलला जातो. पण सूर हा त्या पुस्तकाचा वरचा थर आहे. धाकटी बहीण मनी जाते ती पानं पुन्हा वाचा. तिथं तिरकसपणा चालत नाही, सांगणाऱ्याची वाक्यंच मोडतात. ते मोडणं ज्याला झेपत नाही त्याच्या हातात नुसता टवाळपणा राहतो.

आपलं तेर गोरोबाकाकांचं. २०२०च्या जानेवारीत इथं ९३वं साहित्य संमेलन झालं, त्या नगरीलाही त्यांचंच नाव होतं. ती कथा तुम्हाला माहीतच आहे. काकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली, नामदेव कच्चे निघाले. लोक म्हणतात परीक्षा कठोर होती. मला वेगळंच दिसतं. मडकं कच्चं आहे हे भाजायच्या आधी सांगणारा माणूस घरचाच होता, आणि नामदेवांना राग आला तरी ते नंतर गुरूच्या शोधात गेले. आपल्या गावांत सत्कार करणारे भरपूर आहेत. हस्तलिखित घेऊन बसणारा, "हे पान कच्चंय" म्हणणारा हवा. असे चार जण धाराशिवला तयार झाले तर इथून कादंबरी येईल. माझी नसली तरी चालेल.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग आमच्यासारख्यांनी आधी कथाच लिहाव्या का?)

ताई, आधी-नंतर असं नाही. तुम्हाला जे सुचलंय त्याला विचारा, ह्याला उद्याचा दिवस आहे का? तो तुम्हाला दिसत असेल, परवाचाही दिसत असेल, तर कादंबरी. नाहीतर कथा, आणि ती 'लाल चिखल'च्या तोडीची झाली तर कादंबरीवाल्यांनी तुमच्या दारात यावं.