गिरणगावाचा पुनर्विकास आणि आरोग्यातील समता : एक चिकित्सा

प्रस्तावना :
कामगार वस्तीत सधन वर्ग राहावयास आला, की जागेच्या किमती वाढतात आणि मूळ रहिवासी हळूहळू बाहेर लोटले जातात. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनच्या संदर्भात या प्रक्रियेला 'जेन्ट्रीफिकेशन' असे नाव दिले. मुंबईच्या गिरणगावात हीच प्रक्रिया घडली. तिची चर्चा मुख्यतः जमीन आणि घर या दोन प्रश्नांभोवती झाली. आरोग्याचा प्रश्न मागे राहिला. प्रस्तुत लेखात याच उणिवेचा विचार केला आहे.

विवेचन :
१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे अनेकांची नोकरी कायमची गेली. राज्य कामगार विमा योजनेतील उपचारांचा हक्क नोकरीशी बांधलेला असल्याने अशा कामगारांचा तोही आधार तुटला. कापसाच्या धुळीमुळे जडणारा बिसिनोसिस हा श्वसनविकार मात्र गिरणी सुटल्यावरही पाठ सोडत नाही.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा प्रत्येकी एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागा व सार्वजनिक गृहनिर्माण यांसाठी ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. परिणामी दाट वस्तीला मिळू शकणारी मैदाने व उद्याने आक्रसली.

पुनर्विकासामुळे चाळकऱ्यांना घरातच शौचालय मिळाले, हा आरोग्यदृष्ट्या मोठा लाभ होय. तथापि ज्यांना तेथेच राहता आले त्यांच्यापुरताच तो मर्यादित आहे. डिसेंबर २०१६ च्या सोडतीत गिरणी कामगारांना मिळालेली घरे पनवेलजवळील कोन येथील होती. परळचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून गिरणगावाच्या हाकेच्या अंतरावर आहे. कोनला राहावयास जाणाऱ्या, धाप लागणाऱ्या वृद्ध कामगाराला मात्र तेथे येण्यासाठी दीर्घ प्रवास करावा लागतो.

निष्कर्ष :
पुनर्वसनाच्या हिशेबात घराचे क्षेत्रफळ मोजले जाते. रुग्णालयाचे अंतर, मोकळी हवा आणि उपचारांचा हक्क मोजला जात नाही. त्यामुळे घर मिळूनही आरोग्यातील विषमता वाढू शकते. पुनर्विकासाच्या प्रत्येक योजनेस मंजुरी देण्यापूर्वी मूळ रहिवाशांच्या आरोग्यावर होणाऱ्या परिणामांचे मूल्यमापन बंधनकारक करणे, ही म्हणूनच सामाजिक न्यायाची किमान अट ठरते.