समतोल साधला, पण मोजला कोणी?

सोशल एंटरप्राइजवर रिसर्च करायचाय? मग बॅटिलाना आणि डोराडो यांचा २०१० चा पेपर वाचाच. त्यात बोलिव्हियातल्या दोन सूक्ष्मवित्त संस्थांची तुलना आहे. १९९२ मध्ये बँक झालेल्या बँकोसोलने समाजकार्यातले आणि बँकिंगमधले लोक एकत्र आणले. दोन्ही गटांत वाद पेटले. लॉस आंदेसने कामाचा अनुभव नसलेले पदवीधर घेतले आणि स्वतः घडवले. तिथे गाडी सुरळीत चालली. थोडक्यात, सामाजिक हेतू आणि नफा यांचा मेळ भरती-प्रशिक्षणातून बसतो.

मांडणी पटते. पण मी मूळची सायन्सची, त्यामुळे पहिला प्रश्न पडला: मोजलं काय? संस्था टिकते कशी, हे. कर्ज फेडून कर्जदार बाईच्या हातात चार पैसे उरले का, हे नाही. शिवाय वाद नाही म्हणजे समतोल आहे, असं कसं मानायचं? एका उद्दिष्टाने दुसऱ्याला गप्प बसवलं, तरी वरून शांतताच दिसेल!

पेपर कमी दर्जाचा नाही. त्याचा प्रश्नच वेगळा आहे. तो 'समतोला'चा पुरावा म्हणून उचलतो, ती चूक आपली. म्हणून प्रपोजल लिहिण्याआधी ठरवा: सामाजिक उद्दिष्ट मोजायचं कशाने, आणि विचारायचं कोणाला?