तक्त्यात न मावणारा हिवाळा

अळिंबीविषयीच्या इंग्रजी पुस्तकांत पॉल स्टॅमेट्स यांच्या ‘ग्रोइंग गुर्मे अँड मेडिसिनल मशरूम्स’ या १९९३ सालच्या ग्रंथाला मोठा मान आहे, आणि तो रास्त आहे. प्रत्येक जातीसाठी त्यात एक तक्ता दिला आहे. कवकजाल पसरण्याचा काळ, कळ्या धरण्याचा काळ, अळिंबी वाढण्याचा काळ; आणि प्रत्येकापुढे तापमान, आर्द्रता, कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण, हवा किती वेळा बदलावी, उजेड किती असावा. बंद खोलीत भुशाच्या पिशव्यांवर पीक घेणाऱ्याला याहून चांगली सोय मिळणे कठीण. आमची तक्रार आहे ती हाच तक्ता हाती धरून अंगणातल्या ओंडक्याकडे जाणाऱ्यांविषयी. थंड प्रदेशात ओंडक्याच्या आयुष्यातले दरवर्षीचे चार-पाच महिने या तक्त्याच्या कोणत्याच ओळीत बसत नाहीत.

आपल्याकडे परिचित आहे ती धिंगरी. पेंढ्याच्या पिशवीत बियाणे भरले की काही आठवड्यांत तोडणी, आणि पुढे पिशवी खतात. शिताकेचे तसे नाही. जपानात आणि आता अमेरिकेत ती ओकच्या सुमारे एक मीटर लांबीच्या, दहा-पंधरा सेंटिमीटर जाडीच्या ओंडक्यांवर घेतात. झाड सुप्तावस्थेत असताना तोडायचे, वसंतात भोके पाडून बियाणे भरायचे, वर मेण लावायचे आणि सावलीत रचून ठेवायचे. पहिले पीक बहुधा पुढच्या वर्षी येते आणि ओंडका त्यानंतर काही वर्षे देत राहतो. म्हणजे एकही अळिंबी दिसण्याआधी त्याला एक संपूर्ण हिवाळा काढावा लागतो. अमेरिकेला या पद्धतीची ओळखही उशिरा झाली. रेल्वेचे स्लीपर कुजवणाऱ्या एका बुरशीशी गल्लत झाल्यामुळे शिताकेचे जिवंत बियाणे तिथे १९७२ पर्यंत आणताच येत नव्हते!

हिवाळ्याबद्दल घरगुती पुस्तिकांत सहसा एवढेच असते: ओंडके झाका, थंडीपासून जपा. सल्ला निरुपद्रवी वाटतो, पण त्यामागचे कारण चुकीचे आहे. व्हरमाँटसारख्या राज्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत जातो आणि तरीही तिथे उघड्यावर ठेवलेल्या ओंडक्यांवर वसंतात शिताके येते. पाच अंशांच्या खाली कवकजालाची वाढ जवळजवळ थांबते, परंतु थांबणे म्हणजे मरणे नव्हे. ओंडका मरतो तो सुकून. हिवाळ्यातला वारा कोरडा असतो. गोठलेले पाणीसुद्धा न वितळता थेट वाफ होऊन निघून जाते. साल त्याला अडवते, पण कापलेली दोन्ही टोके उघडी असतात, आणि झाडाच्या जलवाहिन्या तर लांबीच्याच दिशेने धावतात. थंडीच्या भीतीने ओंडके तापवलेल्या घरात आणून ठेवणारा माणूस त्यांना अधिकच कोरड्या हवेत आणतो. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळणाऱ्याची गत निराळी. उन्हाच्या दिवशी आत ऊब आणि दमटपणा साठतो आणि परक्या बुरश्यांचे फावते. खरे पाहता ओंडके जमिनीपासून थोडे वर, वाऱ्याच्या आडोशाला, ठेंगणे रचून वर गोणपाट टाकले की पुरते. त्यावर बर्फ पडला तर उत्तमच. त्यात अडकलेली हवा गोधडीचे काम करते आणि वाराही लागू देत नाही.

जिथे पुस्तिका ओलाव्याचा उल्लेख करतात, तिथे दुसरी अडचण उभी राहते, आणि आमच्या मते ती अधिक गंभीर आहे. ‘ओलावा ३० टक्क्यांखाली जाऊ देऊ नये’ असे छापलेले असते. कशाचे ३० टक्के? अळिंबीवाले ओल्या लाकडाच्या एकूण वजनाशी तुलना करतात, तर इमारती लाकडाचे तज्ज्ञ वाळलेल्या लाकडाशी. समजा ओंडक्यात ६ किलो कोरडे लाकूड आणि ४ किलो पाणी आहे. पहिल्या हिशेबाने ओलावा ४० टक्के, दुसऱ्याने ६७. आता वजन १० किलोवरून ८.५७ किलोवर आले, तर पहिल्या हिशेबाने ओलावा ३० टक्के झाला; वाचायला दहाच टक्क्यांची घट, पण एक तृतीयांशाहून अधिक पाणी गेलेले असते. दुसऱ्या हिशेबाचे ३० टक्के यायला वजन ७.८ किलोपर्यंत उतरावे लागते. त्या सुमारास पेशींच्या पोकळ्यांतले मोकळे पाणी संपलेले असते, उरते ते पेशीभित्तिकांत धरलेले, आणि तेवढ्यावर बुरशीचे भागत नाही. तेव्हा दुसऱ्या हिशेबाचा आकडा पहिल्याचा समजून निर्धास्त राहिलेला माणूस वसंतात मेलेले ओंडके भिजवत बसेल.

व्हरमाँट आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या सहकार्याने २०१३ साली निघालेल्या शिताके-पुस्तिकेने नावातच ‘ईशान्य अमेरिकेसाठी’ असे म्हटले आहे. हे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटते. उघड्यावरच्या शेतीचे पुस्तक कोणत्या हवामानासाठी आहे, हे मुखपृष्ठावरच कळायला हवे.

आपल्या वर्गाशीही याचा संबंध आहे. ‘बुरशीला उबदार व दमट हवा लागते’ हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो, पण त्यातले ‘उबदार’ आणि ‘दमट’ एका मापाचे नाहीत हे सांगायचे राहून जाते. ओक नसला तरी चालेल. छाटणी केलेल्या ताज्या फांदीचे सारख्या लांबीचे तीन तुकडे घ्या. एकाच्या दोन्ही टोकांना मेणबत्तीचे मेण लावा, दुसऱ्याची साल काढा, तिसरा तसाच ठेवा. महिनाभर दर सोमवारी वजने घ्या आणि शेवटी तिन्ही तुकडे भट्टीत, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवून कोरडे वजन काढा. ओलावा मात्र मुलांना दोन्ही हिशेबांनी मांडायला सांगा.