चिथावणी कोणाला आणि कशासाठी? – ‘डेड केनेडीज’च्या विद्रोहाची तपासणी

विद्रोहाची भाषा वापरणारी प्रत्येक कला विद्रोही असतेच असे नाही. कर्कश आवाज, शिवी, धक्का ही विद्रोहाची साधने आहेत. ती म्हणजेच विद्रोह नव्हे. हे साधन कोणाविरुद्ध उगारले आणि त्याची किंमत कोणी मोजली, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय अशा कलेचे मूल्यमापन पुरे होत नाही. अमेरिकेतील ‘डेड केनेडीज’ या हार्डकोअर पंक बँडचा इतिहास याच दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

हा बँड 1978 साली सॅन फ्रान्सिस्को शहरात स्थापन झाला. गायक जेलो बिआफ्रा, गिटारवादक ईस्ट बे रे आणि बास वाजवणारा क्लाउस फ्लुओराइड हे त्यातील प्रमुख. 1981 मध्ये डी. एच. पेलिग्रो हा कृष्णवर्णीय ड्रमवादक त्यांना येऊन मिळाला. नावांपासूनच चिथावणी सुरू होते. 1963 आणि 1968 मध्ये ज्या घरातील दोन भावांच्या हत्या झाल्या, त्या घराचे नाव बँडला; आणि गायकाच्या नावात एका बाजूला अमेरिकन घरातला गोड खाऊ, तर दुसऱ्या बाजूला उपासमारीने माणसे मेली तो बिआफ्रा. सुबत्ता आणि भूक शेजारी शेजारी ठेवायची, हे या बँडचे सूत्र होते.

1979 मधील त्यांचे पहिले गाणे ‘कॅलिफोर्निया ऊबर आलेस’. त्यात कॅलिफोर्नियाचे उदारमतवादी गव्हर्नर जेरी ब्राऊन यांना भावी हुकूमशहा म्हणून रंगवले होते. पुढच्याच वर्षी रोनाल्ड रेगन अध्यक्षपदी निवडून आले, आणि 1981 मध्ये बँडने तेच गाणे शब्द बदलून रेगन यांच्यावर रोखले. म्हणजे उपहासाचा नेम आधी चुकला होता, हे इतिहासाने दाखवून दिले. तरीही चुकलेला नेम दुरुस्त करून तेच गाणे पुन्हा गाण्याचा प्रामाणिकपणा येथे नोंदवला पाहिजे.

1979 मध्येच बिआफ्रा महापौरपदासाठी उभा राहिला. त्या काळचे सॅन फ्रान्सिस्को जखमी शहर होते. नोव्हेंबर 1978 मध्ये महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि नगरप्रतिनिधी हार्वी मिल्क यांचे खून झाले होते. खुनी डॅन व्हाइट हा एकेकाळचा पोलीस. मे 1979 मध्ये ज्यूरीने त्याला सौम्य कलमाखाली दोषी ठरवले, तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गाड्या जळाल्या. त्या जळत्या गाड्यांचे छायाचित्र बँडच्या 1980 मधील पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर आहे. बिआफ्राच्या जाहीरनाम्यात दोन प्रकारच्या मागण्या होत्या. व्यापाऱ्यांनी शहरात विदूषकाचा पोशाख घालून फिरावे, ही एक. पोलीस ज्या वस्तीत काम करतात त्या वस्तीने त्यांना मतदानाने नेमावे, ही दुसरी. दहा उमेदवारांत तो चौथा आला; चार टक्क्यांच्या आतच, पण साडेसहा हजारांवर मते त्याला पडली. पहिली मागणी हसवते. दुसरी सत्तेच्या मुळाला हात घालते. पण विदूषकाचा पोशाख सहज ध्यानात राहतो, पोलिसांविषयीची मागणी मात्र त्याच्या सावलीत झाकली जाते. उपहासाची ही पहिली मर्यादा.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ‘किल द पुअर’ या 1980 मधील गाण्यात, मालमत्ता शाबूत ठेवून माणसे मारणाऱ्या न्यूट्रॉन बॉम्बने गरिबांचा निकाल लावून सरकार आनंद साजरा करते. बोलणारा सत्ताधारी आहे, हे ज्याला कळते त्याला गाणे बोचते. पण ज्याला ते कळत नाही, किंवा कळून घ्यायचे नाही, त्याचे काय? हार्डकोअरच्या कार्यक्रमांत पुढे मारामाऱ्या वाढल्या, नाझी चिन्हे मिरवणारे तरुण येऊ लागले. 1981 मध्ये या बँडने आठ गाण्यांची, जेमतेम चौदा मिनिटांची तबकडी काढली. तिच्यातील एका गाण्यात अशा नाझी पंकांना शिवी हासडून चालते व्हायला सांगितले आहे. येथे वक्रोक्ती नाही, मुखवटा नाही. आपल्याच श्रोत्यांपैकी काहींना तोंडावर नकार देणे हे राष्ट्राध्यक्षाला शिवी देण्यापेक्षा कठीण असते. माझ्या मते बँडच्या राजकीय जाणिवेचा कस या सरळ गाण्यात लागतो.

‘हॉलिडे इन कंबोडिया’ हे त्यांचे 1980 मधील सर्वांत गाजलेले गाणे. झोपडपट्टीतील माणसाचे दुःख आपल्याला ठाऊक आहे, अशी फुशारकी मारणाऱ्या सुखवस्तू विद्यार्थ्याची त्यात खिल्ली आहे; त्याला पोल पॉटच्या कंबोडियात सुट्टीवर धाडले जाते. सहानुभूती आणि स्वानुभव यांतील अंतर इतक्या निष्ठुरपणे दाखवणारी गाणी थोडी. परंतु एक प्रश्न उरतोच. 1975 ते 1979 या काळात कंबोडियात पंधरा ते वीस लाख माणसे मेली असे मानले जाते. त्यांतला एकही माणूस या गाण्यात माणूस म्हणून येत नाही. अमेरिकन विद्यार्थ्याला मारायची छडी, एवढेच त्याचे स्थान. दुसऱ्याच्या दुःखाचा वापर करणाऱ्याची निंदा करताना हे गाणेही दुसऱ्याचे दुःख वापरते.

मग किंमत कोणी मोजली? 1985 च्या अल्बमसोबत एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराचे लैंगिक अवयवांचे चित्र दिले होते. 1986 मध्ये बिआफ्राच्या घरावर पोलिसांनी छापा घातला. अल्पवयीनांना हानिकारक साहित्य पुरवल्याचा खटला भरला गेला. बँड त्याच वर्षी फुटला. 1987 मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयात ज्यूरीचे एकमत झाले नाही, सात जण निर्दोषत्वाच्या बाजूचे होते, आणि खटला संपला. घरमालक, पोलीस, धर्ममार्तंड यांच्याविरुद्ध इतकी गाणी गायली. न्यायालयात उभे केले ते एका चित्रासाठी. त्यामुळे राजकीय आशयाची चर्चा बाजूला पडली आणि बचाव करावा लागला तो अश्लीलतेच्या आरोपाचा.

शेवट मात्र बाहेरच्या शत्रूने केला नाही. गाण्यांच्या मानधनावरून जुन्या सहकाऱ्यांनी बिआफ्रावर दावा लावला. 2000 मध्ये ज्यूरीने त्याच्याविरुद्ध निकाल दिला आणि 2003 मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला. 2001 पासून बाकीचे सदस्य त्याच्याशिवाय त्याच नावाने वाजवू लागले. 2022 मध्ये पेलिग्रो वारला. मालमत्तेची टर उडवणाऱ्या बँडजवळ स्वतःच्या मालमत्तेचा हिशेब सोडवण्याची रीत नव्हती. एकाच्या आवाजावर उभा राहिलेला विद्रोह श्रमाची वाटणी आधी ठरवत नसेल, तर ती वाटणी शेवटी न्यायालय ठरवते.

यामुळे ‘डेड केनेडीज’चे मोल संपत नाही. रेगनकाळातील आत्मसंतुष्ट अमेरिकेला त्यांनी तिचा चेहरा दाखवला. पण त्यांची गाणी ऐकताना आवाजाच्या मोठेपणाने दिपून जाऊ नये. त्यांनी सत्तेला डिवचले तेथे त्यांचे कौतुक करावे. आपल्याच घोळक्याला नकार दिला तेथे त्यांच्याकडून शिकावे. आणि परक्याच्या मरणाचे त्यांनी हत्यार केले तेथे त्यांना जाब विचारावा.