मारकुट्या नवऱ्यानंतरची गोष्ट

मी समीक्षक नाही. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडगिरणीत लूम खात्यात काम करतो. दहावीच्या पुढं शाळेनं मला ठेवलं नाही, मीही राहिलो नाही. पुस्तकं मागून आणतो, वाचतो, दोन कविता इकडं दोन तिकडं छापून येतात. समीक्षेची परिभाषा ज्यांच्याजवळ आहे त्यांनी ती सांभाळून ठेवावी. मला फक्त एक भांडण करायचं आहे. ते अर्धं त्यांच्याशी आहे आणि अर्धं आपल्याशी, माझ्याशीसुद्धा.

रात्रपाळी नसली की मी माझ्या मोठ्या बहिणीला गोष्टी वाचून दाखवतो. आक्का चौथी शिकलेली, मोबाईलवरचं बारीक अक्षर तिच्या डोळ्यात शिरत नाही. तिला प्रेमाच्या गोष्टी पाहिजेत. मी तिला बाबूराव बागूल वाचून दाखवले, तर म्हणाली, "हे मले माहीत हाये, दुसरं वाच." म्हणून मोबाईलवर येणाऱ्या भागाभागाच्या गोष्टी वाचतो. त्यात सध्या एका जातीच्या गोष्टीचं पीक फार आलं आहे. नावं सांगत नाही, कारण सगळ्या मिळून एकच आहे. नवरा मारतो. बाई एका रात्री घर सोडते. त्या रात्री पाऊस असतोच. रस्त्यावर मोठी गाडी थांबते. गाडीत तो. तो कंपनीचा मालक, नाहीतर सर्जन. वय तिशीतलं, लग्न झालेलं नाही, का झालेलं नाही ते कुणी विचारत नाही. तिच्या कपाळावरची जखम तो स्वतःच्या रुमालानं पुसतो. पुढं चाळीस भाग तो समजून घेतो आणि ती रडते. शेवटी लग्न, नाहीतर परदेश.

अशाच एका गोष्टीत मधेच आक्कानं मला थांबवलं.

"बापू, तिचं लेकरू कुठी गेलं?"

मी अंगठ्यानं मागं सरकत गेलो. तिसऱ्या भागात लेकरू होतं, दीड वर्षाचं. दहाव्या भागापासून नव्हतं. मेलं नव्हतं, कुणाला दिलं नव्हतं. लिहिणारीच विसरली होती.

मग आक्का सुटलीच. खोलीचं भाडं कोणं देल्लं? राशन कार्डावर नाव कोणाचं? पहिल्यानं सोडचिठ्ठी देल्ली का नाई? माझ्याजवळ उत्तर नव्हतं, गोष्टीजवळही नव्हतं. ज्या बाईला पैसा, खोली, पोर, पोलीस ठाणं यातलं काहीच लागत नाही ती मार खाल्लेली बाई नाही. मार तिच्या अंगावर फक्त कुंकवासारखा लावलेला आहे, नायकाला कळवळा यावा म्हणून.

हे आपल्याच मुलखात आहे असं नाही. अमेरिकेत कॉलीन हूव्हर नावाच्या बाईची याच विषयावरची कादंबरी २०१६ साली आली, तिच्यावर २०२४ साली सिनेमा निघाला. ती लिहिताना स्वतःची आई तिच्यासमोर होती. तिच्या नायिकेला मारणारा नवराच मेंदूचा सर्जन आहे, हे मला आवडलं. आपल्याकडचे सर्जन अजून रुमालच घेऊन फिरतात. पण तिथंही बाईजवळ स्वतःचं फुलांचं दुकान आहे. दुकान असलं की निघणं सोपं होतं असं मी म्हणत नाही. पण आक्काजवळ दुकान नव्हतं.

आता कुणी म्हणेल, करमणुकीच्या गोष्टीला एवढं काय धोपटायचं? तर हे धोपटणं वऱ्हाडातच सुरू झालेलं आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. त्यात त्यांनी पुरुषांना जाब विचारला हे आपण भाषणात सांगतो. पण त्याच पुस्तकात त्यांनी आपल्या काळातल्या 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' या कादंबऱ्यांचाही समाचार घेतला, हे सांगत नाही. बायका पुस्तकात जशा रंगवल्या जातात तशा त्या असतात का, हा त्यांचा प्रश्न. नवरा मेला तर बाईनं जन्म जाळायचा आणि बायको मेली तर पुरुषानं पुन्हा बोहल्यावर चढायचं, हा न्याय कोणाचा, हा दुसरा. दोन्ही प्रश्न एकाच पुस्तकात शेजारी शेजारी. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. नंतर ते पुस्तक असं दडपलं गेलं की १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा कुठं लोकांना कळलं. आक्कानं ताराबाईंचं नावही ऐकलेलं नाही. पण लेकरू कुठं गेलं हे विचारणारी ती त्यांच्याच गावकीतली.

पांढरपेशांच्या कादंबरीत या विषयावर खरं धाडस झालं ते १९३४ साली, विभावरी शिरूरकर यांच्या 'हिंदोळ्यावर'मध्ये. नाव टोपण होतं. आदल्या वर्षी 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा समाज पेटला होता. 'हिंदोळ्यावर'मधली अचला नवऱ्यानं टाकलेली. दुसऱ्या पुरुषावर तिचं प्रेम बसतं, तिला त्याच्यापासून मूल हवं असतं. पण हिंदू बाईला तेव्हा कायद्यानं घटस्फोट नाही. नवरा कुठं का असेना, तो जिवंत आहे तोवर ती त्याची. मुंबई प्रांतात घटस्फोटाचा कायदा आला १९४७ साली, म्हणजे अचलानंतर तेरा वर्षांनी. मी ही कादंबरी आदरानं वाचली. तिथं रुमालवाला नाही. बाई स्वतः ठरवते आणि त्याची भीती स्वतः सोसते.

पण वाचताना मला राहून राहून वाटत होतं, की या शिकलेल्या बाईला जे करायला अख्खी कादंबरी लागली ते आमच्या आजीनं एका रात्रीत केलं होतं. आपल्या वऱ्हाडात म्हारामांगांत, कुणब्यांत, माळ्यांत पाट होता. नवऱ्याशी पटलं नाही की पंच बसायचे, काडी मोडायची, बाई दुसऱ्याशी पाट लावायची. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानंसुद्धा कलम २९ मध्ये रूढीची काडीमोड मानली. म्हणजे पुण्याच्या कादंबरीत जे बंड होतं ते आपल्या वस्तीत रिवाज होतं.

थांबा, लगेच छाती फुगवू नका. माझीही फुगली होती, आजीनंच उतरवली होती. पाट रात्री लागायचा. अंधाऱ्या पंधरवड्यात, गुपचूप. हळद नाही, वाजंत्री नाही, सवाष्णींनी तोंड पाहायचं नाही. पाटाची बायको म्हणजे लग्नाच्या बायकोपेक्षा एक पायरी खाली, मरेपर्यंत. पहिल्या नवऱ्याची पोरं बहुतेक वेळा त्याच्याच भाऊबंदांकडं राहायची. तेव्हा बाईला दुसरा माणूस मिळायचा हे खरं, पण चोरासारखा मिळायचा. आणि त्या दोघांचं एकमेकांवर मन होतं की नाही, हे पंचांच्या विचारण्याचं नव्हतं.

हा अंधार कुणी हटवला? अमरावतीच्या एका बाईचं नाव इथं घेतलं पाहिजे. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या परिषदेनं ठराव केले, त्यात बाईला घटस्फोटाचा हक्क कायद्यानं मिळावा हा ठराव होता. पुरुषानं एकीवर एक बायका करण्याविरुद्ध होता. गिरणीतल्या आणि विडी वळणाऱ्या बायांचाही होता. बाबासाहेब त्या सभेत बोलले. लग्न झालेल्या पोरीनं नवऱ्याच्या बरोबरीनं, मैत्रिणीसारखं उभं राहावं, त्याची गुलाम होऊ नये, हे त्यांनी तिथं सांगितलं. नऊ वर्षांनी, सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं, त्यात हिंदू कोड बिल अडवल्याचं मोठं कारण होतं. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं, त्यात या बायांची हकीकत आहे. आपल्या पोरांनी ते पुस्तक १४ एप्रिलला नुसतं स्टॉलवर मांडू नये, उघडावं.

आणि १९५६ नंतर काय झालं? माझ्या आक्काचं दुसरं लग्न फ्रेजरपुऱ्यातल्या विहारात सकाळी अकरा वाजता लागलं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर, पांढऱ्या कपड्यात, त्रिशरण पंचशील म्हणून. पहिलं लागलं होतं तस्संच. धम्मात पहिल्या आणि दुसऱ्या लग्नाचा विधी वेगळा नाही. आजीचा पाट रात्री, नातीचं लग्न दिवसा. मला ही क्रांती वाटते. पण हिच्यावर आपल्या एकाही माणसानं लिहिलेली कादंबरी माझ्या हाती लागलेली नाही.

आता आपल्याकडं वळतो. जरा झोंबेल.

आपल्या बायांनी लिहिलं तेव्हा त्यांनी मार लपवला नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तक झालं. सुनांचं नाक कापण्यापर्यंत सासरचे जात, हे त्यांनी त्यात लिहून ठेवलं. पण तेच लिहिलेले कागद त्यांनी वीस वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवले होते. स्वतःच्या घरातल्या मारहाणीबद्दल त्या पुस्तकात बोलल्या नाहीत, पुढं मुलाखतीत बोलल्या. त्याआधी १९८४ साली मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आलं. शाहीर अमर शेखांची मुलगी, नामदेव ढसाळांची बायको. प्रेमाचं लग्न, आणि त्या लग्नात काय काय भोगलं ते तिनं लिहिलं. ढसाळ माझ्या उशाशी असतात. तरी ते पुस्तक वाचल्यावर दोन दिवस मी त्यांची कविता उघडू शकलो नाही. तिसऱ्या दिवशी उघडली, कविता तेवढीच मोठी होती. आणि बाईचं म्हणणं तेवढंच खरं होतं. हे दोन्ही एकदम धरून ठेवायला आपल्याला शिकावं लागेल. आजही वस्तीत कुणाजवळ या पुस्तकाचं नाव काढलं की उत्तर येतं, शत्रूच्या हाती कोलीत कशाला द्यायचं?

कोलीत त्यांच्या हाती आधीच होतं. तेंडुलकरांचं 'कन्यादान' १९८३ चं. त्यात मारणारा कोण, तर दलित कवी अरुण आठवले. मार खाणारी कोण, तर समाजवादी घरातली ज्योती. आपण चिडलो, आणि चिडायला कारण होतं: मारकुटेपणा जणू आपल्याच रक्तात आहे आणि सदाशिव पेठेत नवरे फक्त शास्त्रीय संगीत ऐकतात. पण त्या चिडण्यात एक गोष्ट आपण सोयीनं विसरलो. ज्योतीला कोण मारतं यावर रात्रभर वाद घालणाऱ्या आपल्यातल्या किती जणांनी शेजारच्या खोलीतल्या आरडाओरड्याला उठून दार ठोठावलं? माझ्या बापानं ठोठावलं नाही. मीही बऱ्याचदा भोंग्याची वेळ झाली म्हणून निघून गेलो.

तेव्हा हिशेब असा आहे. त्यांच्या गोष्टीत प्रेम आहे, पण मार खोटा. आपल्या गोष्टीत मार खरा, पण त्याच्या पुढचं पान कोरं. आपली मार खाल्लेली बाई पुस्तकात सोसते, लढते, मोर्चात जाते, पोरांना शिकवते, मरते. तिला कुणी आवडलं असं होत नाही. का? आपल्याला प्रेम लिहायची लाज वाटते का? का प्रेम लिहिलं तर विद्रोह पातळ होतो असं आपल्याला शिकवलं गेलं? मला वाटतं, खरं कारण आणखी वाईट आहे. रडणारी बहीण आपल्या कवितेला उपयोगी पडते. दुसऱ्या माणसाबरोबर हसणारी बहीण भावाला अवघड जाते, मग तो भाऊ निळ्या झेंड्याखालचा का असेना.

हे मी हवेत बोलत नाही. आक्का अकोल्याहून निघून आली तेव्हा मी अठराचा. तिच्या पाठीवर वळ होते. मी त्या पाठीवर कविता लिहिली. ती छापून आली, मेळाव्यात वाचली, टाळ्या पडल्या, एकानं शंभर रुपये दिले. चार वर्षांनी तिनं स्वतः माणूस निवडला, बडनेऱ्याचा, ऑटो चालवणारा, बायको वारलेला. तेव्हा मी आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. लोक काय म्हणतील, हेच वाक्य माझ्याही तोंडातून निघालं. लग्नाला गेलो, फोटोत कोपऱ्यात उभा आहे. त्या लग्नावर मी ओळही लिहिली नाही.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा तिला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तू माह्या पाठीवरचे वळ लिवले, लोकायनं टाळ्या देल्या. मंग मी हासली ते काहून नाई लिवलं?"

मी विचारलं, काय लिहू? तुझ्या नवऱ्यात लिहिण्यासारखं काय आहे? प्रश्न चुकीचा होता हे विचारल्यावर कळलं. ती रागावली नाही. थोडा वेळ खडे वेचत राहिली. मग सांगू लागली. लग्न झाल्यावर वर्षभर रात्री दार वाजलं की तिचं अंग आपोआप भिंतीकडं सरकायचं. पहिल्या घरी दार वाजणं म्हणजे काय ते अंगाला माहीत होतं. या माणसाला तिनं त्यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यानं एकदा पाहिलं, बस.

"तवापासून तो गल्लीच्या तोंडाशीच ऑटो बंद करते. मंग खाकरते. मंग पोराले हाक मारते, माहं नाव नाई घेत. पोरगं दार उघडते. सात वर्सं झाले, एक दिवस चुकला नाई."

पोरगं पहिल्या नवऱ्याचं. आता दहावीला आहे.