सॉक्रेटिसला खटला तरी मिळाला

मकरंद साठे यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस'मध्ये डॉ. श्रीराम लागू सॉक्रेटिस झाले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. अथेन्सच्या कोर्टात उभा राहिलेला सॉक्रेटिसही सत्तर वर्षांचाच होता. अतुल पेठे यांनी बसवलेलं हे नाटक १९९९चं. त्यामुळे मराठीत निदान एका पिढीने विषाच्या प्याल्याआधीचा सॉक्रेटिस ऐकला. एरवी आपल्याला फक्त प्याला आठवतो.

प्लेटोचं 'अपॉलॉजी' वाचून बघा, आसनगाव ते सीएसएमटी एका फेरीत संपतं. त्यात मरणाची घाई कुठेच नाही, भांडण आहे. इ.स.पू. ३९९, समोर सुमारे पाचशे ज्युरी. दोषी ठरल्यावर 'शिक्षा तूच सुचव' म्हटलं, तर हा म्हणतो, मला सरकारी खर्चाने जेवण घाला! धैर्य आहेच, पण चक्क खोडीही आहे. पुढे क्रिटो तुरुंगातून पळवायला येतो, तेव्हा मात्र तो नाही म्हणतो. ज्या कायद्यांनी वाढवलं, ते स्वतःच्या सोयीसाठी मोडायचे कसे?

मुरबाडच्या बाजूचा माणूस इथे अडतो, कारण आमच्याकडे सिद्धगड आहे. भाई कोतवाल माथेरानचे, नाभिक घरातले, वकील. शेतकरी सावकाराकडे जाऊ नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या. १९४२ला भूमिगत होऊन आझाद दस्ता उभारला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ला पोलिसांनी सिद्धगडाच्या जंगलात गाठून भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना गोळ्या घातल्या. कायदा शिकलेल्या माणसाला ना कोर्ट मिळालं, ना शेवटचं भाषण.

क्रिटोला दिलेलं उत्तर भाईंना लावून बघा, लागत नाही. अथेन्सचा कायदा सॉक्रेटिसच्या शहराचा होता, त्याला तिथे मत होतं. भाईंवर राज्य करणारा कायदा लंडनहून आलेला. म्हणून त्यांचं लपणं मला सॉक्रेटिसच्या न पळण्यापेक्षा कमी वाटत नाही. त्यांना 'आपला सॉक्रेटिस' म्हटलं, तर नेमका हाच फरक पुसला जातो.

आणखी एक फरक प्लेटोचा. सॉक्रेटिसने स्वतः काही लिहून ठेवलं नाही, त्याचा वाद शिष्यांनी जपला. सिद्धगडावर दर २ जानेवारीला आपण मानवंदना देतो, ती मरणाला. वकिली करणाऱ्या माणसाने कायदा मोडायचं स्वतःला कसं पटवलं, मनोरा पाडायच्या आदल्या रात्री दस्त्यात कोण 'नको' म्हणालं असेल, यावर मला नाटक हवंय. आणि त्यात हिराजी पाटलांना भरपूर संवाद हवेत. आत्तापर्यंत त्यांचं नाव आपण 'आणि'नंतरच घेत आलोय, वर मीही तेच केलंय.